जैतुनाची अकरा झाडं आणि आमचे वायरमनभाऊ

वाचणाऱ्या मंडळींनो, आपल्याला सगळं आठवतं असा तुमचा समज आहे. मंग सांगा बरं, तुमच्या घरात पहिला दिवा लागला तेव्हा खांबावर कोण चढलं होतं? नाही आठवत. लाइट गेली की तुम्हाला वायरमनचं नाव आठवतं, लाइट आली की तोंडसुद्धा आठवत नाही. तुमच्यातले निम्मे गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पांना जाणारे आहेत, मला माहीत आहे, मी शेजारीच राहते. म्हणून नाव आधीच सांगून ठेवते. मुरलीधरभाऊ. जाफराबादेत पस्तीस वर्षं खांबावर चढले, उतरले, आणि आता पंचाहत्तरीचे झाले. हे गौरवाचं पुस्तक त्यांच्यासाठी आहे. तुमचा फोटो कुठल्या पानावर आहे ते नंतर बघा.

मी गयाबाई. गौरव समितीचे गुरुजी घरी आले आणि म्हणाले, "आजी, भाऊंच्या झाडांबद्दल तुम्हीच लिहा." म्हटलं, मला अक्षर येत नाही. तर म्हणाले, "बोलता तर येतं ना?" हे मात्र त्यांनी बराबर ओळखलं. तर मी बोलते आहे आणि माझी नात अश्विनी लिहून घेते आहे. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. शिकवलं त्याची ही फळं.

पण या लेखात माझा एक मतलब आहे, तो लपवून ठेवत नाही. भाऊंनी ठरवलंय, की सत्काराच्या दिवशी आपली अकराही जैतुनाची झाडं, कुंडीत बुटकी वाढवलेली, वाटून टाकायची. अकरा मान्यवर, अकरा झाडं. समितीनं टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. ती झाडं गेली तर भाऊंचं काय होईल ते मला माहीत आहे, आणि तुमच्या घरी गेली तर झाडांचं काय होईल तेही माहीत आहे. कसं माहीत आहे, ते पुढं येईलच. तोवर डोकं शांत ठेवून ऐका.

भाऊंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझा धाकटा तेव्हा रांगत होता. आमच्या अंगणात सासूबाईंनी लावलेलं कवठाचं झाड होतं आणि त्याच्यावरून नवी तार गेली होती. पावसाळ्याच्या तोंडावर लाइटवाल्यांची माणसं फांद्या तोडत गल्लीत आली. त्यांची तोडायची तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेल. कोयता वर, फांदी खाली, आणि फांदीबरोबर खोडाची सालही हातभर सोलून खाली. मी जाऊन झाडाखाली बसले. म्हटलं, "आधी माझ्यावर चालवा."

त्या माणसांमागून एक बुटकेसे, नवे नवे वायरमन पुढं आले. म्हणाले, "अक्का, तुमच्यावर चालवायची ऑर्डर न्हाई. झाडावर हाय."

मला हसू आलं, आणि हसू आलं की भांडण बसतं. भाऊ स्वतः शिडी लावून वर चढले. आधी फांदीच्या खालून करवतीनं थोडं कापलं, मंग वरून. फांदी अलगद सुटली, सालीचा धागासुद्धा ओढला गेला नाही. मंग माझ्याकडं शेण मागितलं, त्यात माती कालवली आणि जखमेवर लिंपून दिली. म्हणाले, "खालून आधी कापलं न्हाई, तर झाड रडतं." महिन्याभरानं परत आले. मला वाटलं, बिल वाढवायला आले. ते कवठाची जखम बघायला आले होते. लाइट गेली तरी चार चकरा मारल्याशिवाय लाइटवाले येत नाहीत, आणि हे झाडाला बघायला आले! त्या दिवसापासून मी त्यांची अक्का आणि ते माझे भाऊ.

पुढं नोकरी संपली. भाऊंनी आमच्याच गल्लीत, भिंतीला भिंत लावून घर बांधलं. निवृत्त माणसं पारावर बसतात, पेपर वाचतात, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. भाऊ यातलं काहीच करेनात. एक दिवस अंकुशनगरकडून पोतं घेऊन आले. तिकडं त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं कुणाचं तरी ऐकून जैतून लावलं होतं. माझी नात त्याला ऑलिव्ह म्हणते. झाडं वाढली, पण फळ धरेना. त्या झाडाला म्हणे फळायला थंडी पाहिजे, आणि आपल्याकडं थंडी पाहुण्यासारखी येते, चहा घेऊन जाते. शेतकऱ्यानं झाडं उपटली आणि ऊस लावायला घेतला. जाळायच्या ढिगातून भाऊंनी तीन बुंधे उचलले.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय हाय?"

"पाव्हणे हायत. जळता जळता वाचलेत."

"मंग तिकीट काढा पाव्हण्यांचं!"

भाऊंनी खरंच एक तिकीट जास्तीचं काढलं. असा माणूस.

मी ते बुंधे पाहिले आणि म्हटलं, "भाऊ, सरपणासाठी एवढ्या लांब गेल्ते का?" भाऊ म्हणाले, "अक्का, जैतून बुंध्यातून फुटतं. जल्दी करू नका." दोन महिने मी रोज भिंतीवरून टोमणे मारले. तिसऱ्या महिन्यात त्या ओंडक्यांच्या अंगावर तांदळाएवढी फूट आली. वरून हिरवी, खालून राखेसारखी पांढरट. त्या दिवशी भाऊंनी मला भिंतीजवळ बोलावलं. नुसतं दाखवलं. टोमण्याला उत्तर न देण्यात माणूस किती जिंकतो, ते मला तेव्हा कळलं.

मंग त्या बुंध्यांना उथळ परळं पाहिजेत म्हणून भाऊ कुंभार पिंपळगावला गेले. ती त्यांची सासुरवाडी. तिथल्या म्हाताऱ्या कुंभारानं विचारलं, "कोंबड्याला पाणी ठेवायचंय का?" भाऊ म्हणाले, झाड लावायचंय, तळाला चार भोकं पाडून द्या. कुंभारानं चाक थांबवलं. म्हणाला, "जावईबापू, भोकाचं मडकं फक्त मसणात लागतं. माझ्या हातानं मी पाडणार न्हाई."

आपल्याकडं हे खरंच आहे. चितेभोवती फिरवायच्या मडक्याशिवाय कोणी मडक्याला भोक पाडत नाही. दुसरा कुणी असता तर वाद घातला असता, नाहीतर घरी येऊन ड्रिलनं पाडली असती. भाऊ तिथंच बसले. पोत्यातला बुंधा काढून त्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. म्हणाले, "हे मसणातूनच परत आलंय, बाबा. याला उलटं न्यायचंय." म्हाताऱ्यानं बुंधा फिरवून फिरवून पाहिला, फूट पाहिली, आणि एका ओल्या परळाला अंगठ्यानं चार भोकं पाडून दिली. पैसे घेईना. भाऊ अजून दरवर्षी त्याला झाड दाखवायला घेऊन जातात. हल्ली म्हाताऱ्याला दिसत नाही, तर पानं चाचपतो.

आता तुम्हाला माझं पाप सांगते. पंधरा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. लिहिताना अश्विनीचासुद्धा हात थांबलाय.

लेकीच्या बाळंतपणासाठी भाऊ आणि वहिनी महिनाभर नांदेडला गेले. ऐन उन्हाळा होता. तिन्ही झाडं माझ्या ओट्यावर ठेवून गेले. त्यातलं सगळ्यात जाड बुंध्याचं ते थोरलं, नव्या परळात. मला दहादा बजावलं, "अक्का, बोटानं माती बघा. कोरडी लागली तरच पाणी. जैतुनाला ओले पाय चालत न्हाईत." मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, तसाच एक तांब्या त्यालाही घातला. सकाळच्या पारी दारातल्या झाडाला कोरडं ठेवायचं माझ्यानं होईना. बरं, घातलेलं पाणी तळातून ओट्यावर वाहून जाई. चार दिवसांनी टँकर येणाऱ्या गल्लीत पाणी असं वाहून जाताना बघवतं का? वर ते भोकाचं परळ दारात, त्याचीही धाकधूक. मी काय केलं, माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची काठासकट चिंधी फाडली, मातीत कालवली आणि चारही भोकं गच्च बुजवली. म्हटलं, आता पी बाबा पोटभर.

बाकीची दोन झाडं तेलाच्या डब्यांत होती. त्यांची भोकं मला दिसली नाहीत, म्हणून ती वाचली.

भाऊ आले तेव्हा थोरल्यावर एक पान नव्हतं. मी म्हटलं, "लई ऊन पडलं, भाऊ." भाऊंनी परळ उचललं. खालून बघितलं. चिंधी ओढून काढली, काठ बघितला. तो काठ त्यांनी माझ्या अंगावर वर्षानुवर्षं पाहिला होता. मी जमिनीकडं बघत उभी. भाऊंनी चिंधीची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, "हो अक्का, यंदा ऊन लईच होतं."

एवढंच. त्या दिवशी नाही, नंतर नाही, गमतीतसुद्धा नाही, पुन्हा त्यांनी ती गोष्ट काढली नाही. माझ्यासारखीच्या हातात असा काठ लागला असता तर मी तो झेंड्यासारखा मिरवला असता.

मंग भाऊंनी थोरल्याला परळातून काढलं. कुजलेल्या मुळ्या कापल्या, कोरड्या वाळूत सावलीला ठेवलं आणि वर्षभर वाट पाहिली. बुंध्याची एक बाजू मेली ती मेलीच. दुसऱ्या बाजूनं, पार खालून, फूट आली. मेलेली बाजू भाऊंनी काढून टाकली नाही. ती सोलली, घासली, चुना-गंधकाचं पाणी लावून हाडासारखी पांढरी केली. त्या पाण्याचा वास असा, की गल्लीतल्या बायका आठ दिवस एकमेकींच्या अंड्यांवर संशय घेत होत्या. आज त्या झाडाची निम्मी बाजू पांढरी आहे आणि निम्मी हिरवी. जालन्याला फुलांचं प्रदर्शन होतं, तिथं लोक त्याच झाडापाशी थांबत होते. एका बाईंनी विचारलं, "ही वाळकी बाजू कशी हो साधली?"

भाऊ माझ्याकडं हात करून म्हणाले, "ते आमच्या अक्कांचं काम. मला जमलं नसतं."

तोंडावर हसू नाही, काही नाही. बाईंनी मला नमस्कार केला. मी तो घेतला. काय करणार?

तेव्हापासून मी शिकायला लागले. छाटलेल्या काड्या भाऊ वाळूत लावत, त्यांतून बाकीची आठ झाडं झाली. भाऊंची शिकवायची भाषा खांबावरची. बुंधा म्हणजे मेन लाइन, मोठी फांदी म्हणजे सर्व्हिस, मुळ्या म्हणजे अर्थिंग. दोन फांद्या एकमेकींना घासल्या की शॉर्ट. "अक्का, इथं शॉर्ट झालंय, एक उडवा." मला अक्षर येत नाही, पण जैतुनाची वायरिंग तोंडपाठ आहे. फांदीला वळण द्यायला भाऊ ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात, आणि ती सालीत रुतायच्या आधी काढतात. म्हणतात, "तार बांधणारे लई हायत. वेळेवर सोडणारा पाहिजे."

याच अश्विनीला नर्सिंगसाठी जालन्याला जायचं होतं. मी अडून बसले होते, पोरीला एकटीला कशाला धाडायचं म्हणून. भाऊ ओट्यावर तार सोडत होते. एका फांदीवर वळ उठला होता. म्हणाले, "ही चार महिने आधी सोडायला पाहिजे होती."

मी म्हटलं, "हे मला म्हणून राह्यलात की झाडाला?"

"झाडालाच. पण तुम्ही ऐकलं तर झाडाची काही हरकत न्हाई."

अश्विनी आज जालन्याच्या दवाखान्यात नोकरी करते. हे ऐकून तिनं पेन खाली ठेवलं होतं, मी उचलायला लावलं.

गल्लीत बोलणारेही होतेच. एकानं तोंडावर सांगितलं, "बुटकी झाडं घरात ठेवू नये, घराची वाढ खुंटते." भाऊ म्हणाले, "माझ्याकडं बघा. माझी पोरं माझ्यापेक्षा हातभर उंच हायत. आणखी किती वाढवू?" ज्यानं सांगितलं, त्यालाच पुढच्या आठवड्यात मोटारीचा फ्यूज बांधून दिला. माणूस बोलला ते भाऊ कानात ठेवतात, मनात नाही.

आता मूळ गोष्टीवर येते. गेल्या दिवाळीपासून भाऊ झाडांकडं फिरकेनात. फांद्या सुटल्या, सगळीकडं शॉर्ट. उपवासही वाढले. आधी नुसती एकादशी होती. मंग सोमवार आला, गुरुवार आला, शनिवार आला. लग्नाच्या पंगतीत बोलावलं की "आज उपास हाय." मला वाटलं, म्हातारपणी देव लागला. एकदा मी कढीचा वाडगा घेऊन मागच्या दारानं गेले. भाऊ एकटेच जेवत बसले होते. चमचा तोंडापर्यंत जाईपर्यंत त्यात काही उरत नव्हतं. मला बघितलं आणि हात मांडीखाली घातला.

कुठल्या देवाचा उपास होता, ते मला कळलं.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जिवाला धोका नाही, गोळ्या घ्या, पण थरथर राहील. भाऊंनी मला बजावलं होतं, "अक्का, हाताचं लिहू नका." मी शब्द पाळलाय. या लेखात मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

त्यानंतर आठवड्यानं झाडं वाटायची बातमी आली. मी तरातरा गेले. म्हटलं, "भाऊ, सत्कारात लेकी वाटता का?"

भाऊ म्हणाले, "हात ऐकून न्हाई राह्यले, अक्का. पान कापायला जातो आणि फांदी जाते. काल थोरल्याची एक गेली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे हाल कशाला?"

मी त्यांच्या खिशातली कात्री काढून घेतली. "तुम्ही बोट दाखवा. मी कापते."

"बोटही हलतं."

"मंग तोंडानं सांगा. तोंड तर हलत न्हाई ना?"

"तोंड हललं न्हाई तर सांगू कसं?"

आणि आम्ही दोघं म्हातारे त्या ओट्यावर इतके हसलो, की वहिनी काय सांडलं ते बघायला बाहेर आल्या. त्या दिवशी भाऊ सांगत गेले आणि मी कापत गेले. "सर्व्हिस नंबर दोन. डावीकडची. अहो अक्का, डावी, डावी!" मी कापूस वेचलेली बाई, माझी बोटं अजून बराबर चालतात. डोळा त्यांचा, हात माझा. थोरल्याचीही फार मोठी नासाडी झालेली नव्हती. झाड हातात असलं की भाऊंचा हात कमी हलतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरांना नसेल माहीत.

आता आम्ही दर बुधवारी बसतो. बुधवार मी मुद्दाम निवडलाय, त्या दिवशी उपासाला देव सापडत नाही.

तरी भाऊंचं म्हणणं, "अक्का, लोकांना शब्द देऊन बसलो. झाडं तर द्यावी लागतील." त्यांचा शब्द मोडायला सांगणारी मी कोण? पण तुम्हा अकरा मान्यवरांना सांगू शकते. त्या दिवशी भाऊ झाड पुढं करतील. तुम्ही दोन्ही हातांनी झाडाला स्पर्श करा, कपाळाला लावा आणि म्हणा, "पावलं." आपल्याकडं अहेर असा पावतो, देणाऱ्याचा मान राहतो आणि वस्तू घरातली घरात राहते. मंग झाड तिथंच टेबलावर ठेवून खाली उतरा. कुणी विचारलंच, तर माझ्या चिंधीची गोष्ट सांगा. तुमच्या घरीही तांब्या असेल आणि जुनं लुगडं असेल.

भाऊंना मी आशीर्वाद देऊ शकते, पाच वर्षांनी मोठी आहे. जैतून शेकडो वर्षं जगतं म्हणतात. भाऊंसाठी मी एवढं मागत नाही, सूनही वैतागेल. थोरल्याला यंदा खालून एक नवी फूट आलीय, काडीएवढी. ती माझ्या मनगटाएवढी होईस्तोवर भाऊंनी धडधाकट राहावं, ओट्यावर बसून मला डावी-उजवी शिकवावी. जैतून किती हळू जाड होतं ते तुम्ही भाऊंना विचारा आणि किती वर्षं मागितली ते तुमचं तुम्ही मोजा.

आणि सत्काराच्या हार-शालींवर खर्चा करू नका, भाऊंकडं तीन शाली आहेत. काही करायचंच असेल तर पाळीपाळीनं बुधवारचा डबा पाठवा. कढी नको, वरण नको, खीर तर बिलकुल नको. जे जे सांडतं ते तुमच्या घरी ठेवा. चमचाही पाठवू नका. वड्या पडतील असं घट्ट पिठलं, तिळाची कोरडी चटणी आणि धपाटे, दोघांना पुरतील एवढे. धपाटे जरा जाडच थापा. पातळ असले की हातात फाटतात.